बेळगाव सीमाभागात वाचनालयातून कायदा कसा शोधायचा

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या एखाद्या मराठी वाचनालयात कायद्याचं कपाट उघडा. सातबारा, कुळकायदा, वारसनोंद, ग्रामपंचायत, गुंठेवारी, सगळ्यावर सोप्या मराठीतली पुस्तकं मिळतील. लिहिलेलीही छान असतात. पण त्यातली बहुतेक पुण्या-मुंबईत छापलेली आणि महाराष्ट्राच्या कायद्यावरची असतात. आपली शेती, घर, घरपट्टी, पंचायत, मुद्रांक हे सगळं कर्नाटकच्या कायद्याने चालतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम अर्जात लिहून ते खानापूरच्या तहसीलदारांकडे दिलं, तर त्या कलमाला तिथे अर्थ नाही. पुस्तक मराठी आहे म्हणून कायदा आपला, ही सीमाभागातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. शोध सुरू करताना पुस्तकाच्या पहिल्या पानावर राज्याचं नाव बघण्याची सवय आधी लावून घ्या.

वाचनालयात जाण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा

पहिली ओळ: हा विषय कुणाच्या कायद्यात येतो? वारसा हक्क, विवाह, करार, मालमत्ता हस्तांतरण, गुन्हे हे मुख्यतः केंद्राच्या कायद्यात येतं. जमीन महसूल, कुळ, पंचायत, नगरपालिका, सहकारी संस्था, पोलीस प्रशासन हे राज्याकडे. घराचा नकाशा, घरपट्टीचा दर, बाजारपेठेचे नियम हे स्थानिक संस्थेकडे, पण तिला तो अधिकार राज्याच्या कायद्याने दिलेला असतो. काही विषयांत दोघांचा हात असतो. केंद्राच्या कायद्यात राज्याने आपल्यापुरती दुरुस्ती केलेली असते, आणि चांगल्या बेअर ॲक्टमध्ये, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर छापलेल्या पुस्तकात, ती कलमाखाली ‘राज्य दुरुस्ती – कर्नाटक’ अशा मथळ्याने दिलेली असते. मूळ कलम वाचून तो मथळा न बघता पान उलटणं म्हणजे अर्धाच कायदा वाचणं.

दुसरी ओळ: जागा नेमकी कुणाच्या हद्दीत आहे? बेळगाव शहरातच तीन उत्तरं निघतात. महापालिकेच्या हद्दीत कर्नाटक महानगरपालिका कायदा, १९७६ लागू होतो. कॅम्प भागात कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे, तिथे केंद्राचा कॅन्टोन्मेंट कायदा, २००६. शहराला लागून असलेल्या गावात ग्रामपंचायत आहे, म्हणजे कर्नाटक ग्राम स्वराज आणि पंचायत राज कायदा, १९९३. आणि या हद्दींवरून नगरविकास प्राधिकरणाचा, म्हणजे बुडाचा, आराखडा जातो, त्याला १९८७ चा नगरविकास प्राधिकरण कायदा. निपाणी, गोकाक यांसारख्या नगरसभा, छोट्या पुरसभा आणि पट्टण पंचायती यांना कर्नाटक नगरपालिका कायदा, १९६४ लागतो. घरपट्टीच्या पावतीवर सगळ्यात वर कुणाचं नाव छापलंय ते बघा, उत्तर तिथेच असतं.

तिसरी ओळ: घटना कोणत्या तारखेची? वडील कधी वारले, खरेदीखत कधी झालं, कुळाची नोंद कोणत्या साली लागली. कायदा बदलत राहतो, आणि साधारणपणे हक्क ठरतो तो त्या तारखेला असलेल्या कायद्याने. या ओळीकडे लोक सर्वाधिक दुर्लक्ष करतात, म्हणून तिच्यावर पुढे सविस्तर.

कुठे काय मिळतं

कर्नाटकात सार्वजनिक ग्रंथालयांचा स्वतंत्र कायदा आहे, कर्नाटक सार्वजनिक ग्रंथालय कायदा, १९६५. त्याखाली शहर केंद्र ग्रंथालय आणि जिल्हा केंद्र ग्रंथालय चालतात. आपल्या घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर वसूल होतो तो याच व्यवस्थेसाठी, तेव्हा तिथे जाऊन पुस्तक मागताना संकोच करायचं कारण नाही. कर्नाटकचे कायदे शोधायला पहिलं ठिकाण हेच. संदर्भ विभागातली पुस्तकं घरी देत नाहीत. तिथेच बसून उतरवून घ्यायची किंवा त्या पानांची झेरॉक्स मागायची.

गावातलं वाचनालय आता ग्रामपंचायतीकडे आहे. २०१९ मध्ये ही ग्रामीण वाचनालयं ग्रामविकास आणि पंचायत राज खात्याकडे आली, आणि बऱ्याच ठिकाणी पाटीवर ‘अरिवु केंद्र’ असं नाव दिसतं. कायद्याची जाड पुस्तकं तिथे मिळतील ही अपेक्षा ठेवू नका. पण संगणक आणि इंटरनेट असेल तर राज्याचा अख्खा कायदा तिथे बसून उघडता येतो. शेजारच्याच इमारतीत पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, बसतात, त्यामुळे पंचायतीचा ठराव किंवा नियम मागायलाही तीच जागा सोयीची.

जुनी मराठी वाचनालयं, उदाहरणार्थ १८४८ पासून चालत आलेलं बेळगावचं सार्वजनिक वाचनालय, वेगळ्या कामाची. जुनी वर्तमानपत्रं, जुने ग्रंथ, मुंबई राज्याच्या काळातली पुस्तकं अशाच संस्थांत टिकून राहतात. आजचा कायदा तिथे सापडो न सापडो, आजोबांच्या काळचा सापडण्याची शक्यता इथेच जास्त.

लॉ कॉलेजची ग्रंथालयं आणि कोर्टातली बार असोसिएशनची ग्रंथालयं सर्वांसाठी खुली नसतात. तरी प्राचार्यांच्या किंवा ग्रंथपालांच्या नावे अर्ज देऊन ‘अमुक कायदा, अमुक वर्षाचा खंड, दोन तास वाचायचा आहे’ अशी नेमकी मागणी केली, तर परवानगी मिळण्याची शक्यता वाढते. ‘जमिनीचे कायदे बघायचेत’ असं मोघम सांगितलं की नकार येतो.

ग्रंथपालांना काय विचारायचं हेही शिकून घेण्यासारखं आहे. ‘माझ्या भावाने नाव लावू दिलं नाही, काय करू?’ हा वकिलाला विचारायचा प्रश्न. ग्रंथपालाला विचारा: ‘कर्नाटक लँड रेव्हेन्यू ॲक्ट, १९६४ आणि त्याचे १९६६ चे रूल्स, सगळ्यात अलीकडची आवृत्ती कोणती आहे?’ दशांश वर्गीकरणात कायद्याचा विभाग ३४० पासून सुरू होतो, मालमत्तेचा कायदा ३४६ मध्ये. मात्र बरीच कायद्याची पुस्तकं स्पर्धा परीक्षांच्या कपाटात सरकलेली असतात. ३४० च्या फळीवर मिळालं नाही तर तिकडे नक्की बघा.

शोधताना नावं किती प्रकारे बदलतात

सूचीत किंवा संगणकावर शोधताना एकाच कायद्याची दोन-तीन नावं करून बघावी लागतात. १ नोव्हेंबर १९७३ ला म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं. त्याआधीच्या पुस्तकात आणि निकालात ‘म्हैसूर लँड रेव्हेन्यू ॲक्ट, १९६४’ असं दिसेल, कायदा तोच. पंचायत कायद्याच्या नावात ‘ग्राम स्वराज’ हे शब्द नंतरच्या दुरुस्तीने आले. जुन्या प्रतींवर नुसतं ‘पंचायत राज कायदा, १९९३’ असतं. बेळगावचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, म्हणून त्याआधीचं काही शोधायचं तर ‘बेलगाम’ या इंग्रजी स्पेलिंगनेच शोधा. तालुक्यांचंही तसंच. निपाणी, कागवाड, मूडलगी, कित्तूर हे तालुके अलीकडचे. निपाणीच्या जमिनीची जुनी अधिसूचना चिक्कोडी तालुक्याच्या नावाखाली असते.

क्रमांकातही गफलत होते. कर्नाटक जमीन सुधारणा कायदा, १९६१ हा प्रत्यक्षात १९६२ चा कायदा क्रमांक १० आहे. महानगरपालिका कायदा, १९७६ हा १९७७ चा क्रमांक १४. विधेयक एका वर्षी मांडलं, मंजुरी पुढच्या वर्षी आली की असं होतं. नाव आणि क्रमांक दोन्ही टिपून ठेवले तर खात्री करता येते.

प्रत हातात आली की पहिली पाच मिनिटं

थेट कलमाकडे जाऊ नका. आधी मुखपृष्ठामागचं पान उघडा आणि ‘अमुक तारखेपर्यंतच्या दुरुस्त्यांसह’ अशी ओळ शोधा. ती तारीख वहीत लिहा. नुसतं आवृत्तीचं वर्ष पुरेसं नाही, कारण पुनर्मुद्रणावर नवं वर्ष आणि आत जुना मजकूर असं होतं.

याचं मोठं उदाहरण म्हणजे जमीन सुधारणा कायद्याची कलमं ७९-अ आणि ७९-ब. शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घेण्यावरचे निर्बंध त्यात होते. २०२० च्या दुरुस्तीने ती कलमं काढून टाकली. २०१८ ची प्रत वाचून ‘तुम्हाला शेती घेताच येणार नाही’ असं कुणी सांगितलं, तर तो खोटं बोलत नसतो, जुनं पुस्तक वाचून बोलत असतो. फौजदारी कायद्यात तर १ जुलै २०२४ पासून सगळे आकडेच बदलले. भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये आहे, खुनाची शिक्षा ३०२ ऐवजी १०३ मध्ये. पण ३० जून २०२४ पर्यंत घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंड संहिताच लागते, म्हणून जुनी प्रतही रद्दीत जाता कामा नये.

मग अनुक्रमणिका, मग व्याख्यांचं कलम, आणि त्यानंतर तुमचं कलम. सरकारी प्रतीत कलमाच्या मजकुरात चौकोनी कंस आणि वर बारीक आकडा दिसतो. तो आकडा पानाच्या तळाशी नेतो. तिथे कोणत्या वर्षीच्या कोणत्या कायद्याने हे शब्द बदलले किंवा घातले, आणि बदल कोणत्या तारखेपासून अंमलात आला, हे दिलेलं असतं. तळटीप न वाचता नुसतं कलम वाचलं तर वडिलांच्या काळात ते शब्द तिथे होते की नव्हते, हे कळायला दुसरा मार्ग नाही. एखाद्या आकड्यापुढे नुसतं ‘वगळले’ असेल तर ते कलम आज नाही. पण कोणत्या तारखेपर्यंत होतं, तेही तळटीपच सांगते.

आणखी एक शब्द पकडा, ‘विहित’, इंग्रजीत ‘प्रिस्क्राइब्ड’. कलमात ‘विहित अधिकारी’, ‘विहित नमुना’, ‘विहित मुदत’ असं आलं की समजायचं, पुढचं उत्तर कायद्यात नाही, नियमांत आहे. त्या कायद्याचे रूल्स वेगळे छापतात. बरेच जण कायदा वाचून थांबतात आणि ‘अर्ज कुठे द्यायचा हे कुठेच लिहिलेलं नाही’ म्हणतात. ते रूल्समध्ये असतं.

जुन्या मुंबई कायद्याचा थर

सीमाभागाचा कायदा दोन थरांचा आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, विजापूर, धारवाड आणि कारवारसह मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच कायद्याच्या कलम ११९ ने सांगितलं की, नवा कायदा येईपर्यंत त्या त्या भागात आधीचा कायदा चालू राहील. म्हणून १ नोव्हेंबर १९५६ नंतरही इथे मुंबईचे कायदे चालत राहिले, आणि एकेक करून त्यांची जागा राज्याच्या कायद्यांनी घेतली.

कुळकायद्याचं बघा. इथे आधी मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४८ होता. २ ऑक्टोबर १९६५ ला जमीन सुधारणा कायदा, १९६१ लागू झाला, आणि १ मार्च १९७४ च्या मोठ्या दुरुस्तीने कुळांना कब्जेहक्क मिळाला. फॉर्म ७, लँड ट्रायब्युनल, फॉर्म १० हे शब्द घरातल्या जुन्या कागदांवर दिसतात ते तेव्हाचे. महाराष्ट्रातल्या कुळकायद्याच्या पुस्तकातलं कलम ३२-ग किंवा ३२-म इथल्या १९७४ नंतरच्या प्रकरणाला लागत नाही. पण तुमच्या उताऱ्यावरची नोंद १९६५ च्या आधीची असेल, तर त्या काळासाठी हा मुंबईचाच कायदा वाचावा लागतो. तिथे मराठी वाचनालयातली जुनी प्रत सोन्यासारखी. फक्त ती १९५६ च्या सुमाराची, किंवा तेव्हाचा मजकूर कळेल अशी हवी. पुढे महाराष्ट्राने आपल्यापुरते केलेले बदल इकडे लागू झालेले नाहीत.

पाटील, कुलकर्णी, महार आणि इतर वतनांच्या जमिनींनाही हाच नियम. परगणा व कुलकर्णी वतनं १९५० च्या मुंबई कायद्याने गेली, उरलेल्या ग्रामवतनांसाठी कर्नाटक ग्राम अधिकारपदे निर्मूलन कायदा, १९६१ बघायचा, जो १ फेब्रुवारी १९६३ पासून अंमलात आला.

कर्नाटकच्या कायद्यांत ‘बेलगाम एरिया’ असा शब्द आला तर तो नुसता बेळगाव जिल्हा समजू नका. मुंबई राज्यातून आलेल्या चारही जिल्ह्यांचा तो मुलूख. त्यामुळे हल्याळ, जोयडा, कारवारच्या मराठी आणि कोकणी माणसांनाही तोच लागतो. बीदर, भालकी, बसवकल्याणच्या वाचकांनी मात्र ‘गुलबर्गा एरिया’ शोधायचा, कारण त्यांच्याखालचा जुना थर हैदराबाद संस्थानच्या कायद्यांचा आहे.

कन्नड मजकुराशी दोन हात

राज्याची राजभाषा कन्नड आहे, तेव्हा अधिसूचना आणि परिपत्रकं कन्नडमध्येच असतात. लिपी वेगळी असली तरी महसुली शब्द बरेचसे ओळखीचे निघतात. उतारा, खाते, वारसा, आकारबंद, तिप्पण हे इकडेही तसेच. पहाणी म्हणजे आपला सातबाऱ्यासारखा उतारा, ज्याला ऑफिसात आरटीसी म्हणतात. ‘तिद्दुपडी’ म्हणजे दुरुस्ती, ‘सुत्तोले’ म्हणजे परिपत्रक, ‘मेल्मनवी’ म्हणजे अपील, ‘कंदाय’ म्हणजे महसूल.

फसवणारा शब्द एकच, पण रोज फसवतो. कन्नड कायद्यात ‘प्रकरण’ म्हणजे कलम. मराठीत प्रकरण म्हणजे अख्खा भाग, त्याला कन्नडमध्ये ‘अध्याय’ म्हणतात. ‘प्रकरण १२८’ असं दिसलं की गोंधळू नका, ते कलम १२८ आहे. अर्ज लिहिताना उलट बाजूने तीच काळजी घ्या.

अधिकाऱ्यांची नावंही लावून घ्यावी लागतात. मराठी पुस्तकात तलाठी असेल तिथे इकडे ग्राम लेक्किग, आता ग्राम आडळित अधिकारी. मंडळ अधिकाऱ्याच्या जागी कंदाय निरीक्षक, प्रांताच्या जागी असिस्टंट कमिशनर, ग्रामसेवकाच्या जागी पीडीओ. क्षेत्र तिकडे हेक्टर-आरमध्ये, इकडे एकर-गुंठ्यात. ४० गुंठे म्हणजे एक एकर, आणि एक हेक्टर म्हणजे जवळपास २ एकर १९ गुंठे.

इंग्रजी आणि कन्नड मजकुरात फरक वाटला तर संविधानाचं अनुच्छेद ३४८ लक्षात ठेवा. राज्यपालांच्या अधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद हा इंग्रजीतला अधिकृत मजकूर मानला जातो. कुणी सांगितलेल्या तोंडी भाषांतरावर, ते मराठीत असो की इंग्रजीत, अर्ज उभा करू नका.

राजपत्र आणि संकेतस्थळ

छापील पुस्तक कितीही नवं असलं तरी शेवटची खात्री राजपत्रात होते. डिसेंबरच्या सुमाराला बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन भरतं आणि पेपरात रोज ‘विधेयक मंजूर’ अशा बातम्या येतात. मंजूर झालेलं विधेयक लगेच कायदा होत नाही. राज्यपालांची, काही वेळा राष्ट्रपतींची संमती लागते, मग राजपत्रात छपाई होते, आणि अंमलाची तारीख कधीकधी आणखी वेगळ्या अधिसूचनेने ठरते. बातमीचं कात्रण हा शोधाचा धागा म्हणून ठेवा, पुरावा म्हणून नाही.

संगणकावर दोन ठिकाणं पुरतात. राज्याच्या संसदीय कामकाज व विधी खात्याचं, ज्याला सगळे डीपॅल म्हणतात, ते संकेतस्थळ. तिथे कर्नाटकचे कायदे वर्णक्रमाने, इंग्रजीत आणि बरेचसे कन्नडमध्येही मिळतात. आणि ई-राज्यपत्र, जिथे तारीख टाकून राजपत्र उतरवता येतं. नियम आणि वैधानिक अधिसूचना साधारणपणे भाग ४-अ मध्ये शोधाव्या. केंद्राच्या कायद्यांसाठी इंडिया कोड हे केंद्र सरकारचं संकेतस्थळ. पीडीएफ उतरवली की फाइलच्या नावात त्या दिवसाची तारीख घाला, आणि छापील पुस्तकाची तारीख ते आजचा दिवस एवढ्या काळातल्या दुरुस्त्याच फक्त तपासा. सगळं पुन्हा वाचत बसायची गरज नाही.

एक शोध, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

खानापूर तालुक्यातली ३ एकर १० गुंठे वडिलार्जित जमीन. वडील २०२३ मध्ये वारले. दोन मुलगे, एक लग्न झालेली मुलगी. उताऱ्यावर नावं लावायची आहेत आणि मुलीचा हक्क आहे का, असा प्रश्न आहे.

हक्क कुणाचा, हा केंद्राचा विषय. हिंदू वारसा कायदा, १९५६ चं कलम ६ काढा. कर्नाटकने १९९४ मध्ये स्वतःची दुरुस्ती केली होती. ती ३० जुलै १९९४ ला लागू झाली, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना तिने वगळलं. पुढे केंद्राची २००५ ची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून आली आणि मुलगी जन्मानेच मुलाइतकी हक्कदार ठरली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात सांगितलं की, २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. वाचनालयातली १९९८ ची प्रत हातात आली तर तिथे जुनी राज्य दुरुस्ती दिसेल आणि लग्न झालेल्या बहिणीला ‘तुझं काही नाही’ असं सांगितलं जाईल. तारखेची ओळ आधी लिहायला लावली ती यासाठी. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेलं वाटप मात्र २००५ च्या दुरुस्तीने उलटत नाही, तेव्हा घरात जुनं वाटणीपत्र आहे का, तेही बघा.

नोंद कशी लावायची, हा राज्याचा विषय. कर्नाटक जमीन महसूल कायदा, १९६४ मध्ये कलम १२७ पासून हक्कनोंद सुरू होते. कलम १२८: वारशाने हक्क मिळाला की तीन महिन्यांत विहित अधिकाऱ्याला कळवायचं, आणि कळवल्याची लेखी पोच त्याने द्यायची. पोच मागायला लाजू नका, ती कलमातच लिहिली आहे. कलम १२९: नोंद फेरफार रजिस्टरला चढते, प्रत चावडीत लागते, संबंधितांना नोटीस जाते, हरकत आली तर वादग्रस्त प्रकरणांच्या रजिस्टरला जाते आणि निर्णय होतो. ‘विहित अधिकारी’ कोण आणि नमुने कोणते, यासाठी १९६६ चे रूल्स काढा. हरकतीची मुदतही आजच्या तारखेच्या प्रतीत बघा. नोंदीवर समाधान नसेल तर कलम १३६ खाली ६० दिवसांत अपील आहे. आणि कलम १३३ वाचलं की कळतं, हक्कनोंद खरी धरली जाते, पण फक्त विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. उताऱ्यावर नाव नाही म्हणून बहिणीचा हक्क संपत नाही, आणि नाव आहे म्हणून मालकी पक्की होत नाही.

एवढ्या शोधाला छापील आणि संकेतस्थळ मिळून साधारण अर्धा दिवस लागतो. वहीत कायद्याचं पूर्ण नाव, क्रमांक, कलम, प्रतीची तारीख, पान नंबर आणि वाचनालयाचं नाव असं टिपून ठेवा.

निकाल बघायचे असतील तर

बेळगाव जिल्ह्यासाठी उच्च न्यायालयाचं खंडपीठ धारवाडला आहे, तिथे २००८ मध्ये फिरतं पीठ आलं आणि ऑगस्ट २०१३ पासून ते कायम झालं. निकालाचा संदर्भ ‘आयएलआर’, वर्ष, ‘कर’, पान असा दिसतो: म्हणजे इंडियन लॉ रिपोर्ट्सची कर्नाटक मालिका, त्या वर्षाचा खंड, ते पान. ‘कर एलजे’ म्हणजे कर्नाटक लॉ जर्नल. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या त्याच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, काही मराठीतही. मराठी अनुवाद समजून घ्यायला वापरा, कोर्टात दाखवायला इंग्रजी प्रत द्या. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल इथल्या कोर्टाला बंधनकारक नसतो, फक्त मार्गदर्शक म्हणून दाखवता येतो. त्यातही कलम महाराष्ट्राच्या कायद्याचं असेल तर उपयोग कमीच.

वाचनालयात न मिळणारा स्थानिक कायदा

पंचायतीचे ठराव, महापालिकेच्या उपविधी, गावठाणाचा नकाशा, ई-स्वत्तूचे (पंचायतीतल्या मालमत्तांच्या ऑनलाइन नोंदीचे) नमुने ९ आणि ११ यांचे निकष, हे छापील पुस्तकात क्वचितच मिळतं. त्यासाठी माहिती अधिकार. २००५ च्या कायद्याच्या कलम ४ मध्ये प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायच्या गोष्टींची यादी आहे, आणि तिथे लोकांसाठी वाचनालय किंवा वाचनकक्ष असेल तर त्याच्या वेळाही त्या यादीत येतात. आधी ते जाहीर पत्रक मागा.

अर्ज करायचाच झाला तर भाषेकडे लक्ष द्या. कलम ६ प्रमाणे माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. इथे ती कन्नड. मराठीत केलेला अर्ज भाषेच्या कारणावरून अडकू शकतो, म्हणून हिंदीत लिहा, देवनागरी हाताला असतेच. साधं तक्रारीचं निवेदन मात्र अनुच्छेद ३५० प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही देता येतं. या दोन गोष्टी एक समजू नका. फी १० रुपये. कर्नाटकच्या नियमाने एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांपर्यंतच मजकूर. ‘गेल्या वीस वर्षांचे सगळे ठराव’ असं मागू नका, वर्ष आणि विषय सांगून एकच ठराव मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. चुकीच्या कार्यालयात गेला तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

उतारा, जातीचा दाखला, खाते बदल अशा सेवा सकाल, म्हणजे ठरलेल्या मुदतीत सरकारी सेवा देण्याच्या कर्नाटकच्या कायद्याखाली येतात. अर्ज दिला की सकालचा जीएससी नंबर मागून घ्या. मुदत टळली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई त्या कायद्यात आहे, आणि अपील त्याच नंबरावर चालतं.

वाचन कुठे थांबवायचं

नोटीस आली असेल, कोर्टाची तारीख लागली असेल, अपिलाची मुदत चालू असेल, तर वाचनालयात दिवस घालवू नका. वही घेऊन कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीत जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती, कोठडीतले लोक यांना मोफत वकील मिळतो, आणि ठरावीक मर्यादेखाली उत्पन्न असलेल्या इतरांनाही. वारसनोंदीत अडवलेल्या बहिणीला उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही, ती स्त्री आहे एवढं पुरे. मोफत फोन १५१००. जाताना उतारा, फेरफाराची प्रत, कलम १२८ ची पोच आणि वाचनालयातून उतरवलेली पानं तारखेच्या क्रमाने लावून न्या.